पाठदुखी मूत्रपिंडाची आहे की स्नायूंची, हे कसे ओळखावे?

वाटसरू यांचा प्रश्न

काही आठवड्यांपासून माझी कंबर आणि पाठीचा खालचा भाग दुखत आहे. काम बैठे आहे, वय चाळिशीपुढचे आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. पाठदुखी हे मूत्रपिंडाच्या विकाराचे पहिले लक्षण असते, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून मनाने धास्ती घेतली असून, त्यांनीच मूत्रपिंड ‘स्वच्छ’ करणारा एक काढाही सुचवला आहे. तूर्तास दुखणे वाढले की औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेतो. हे दुखणे नेमके कशाचे असावे आणि त्यावर काय उपाय करावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निरगाठ

मूत्रपिंडे आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच वर असतात. ती कमरेत नसून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात आणि उजवे मूत्रपिंड यकृतामुळे डाव्यापेक्षा किंचित खाली असते. त्यामुळे पट्टा बांधतो त्या जागी, मध्यभागी किंवा दोन्ही बाजूंना सारखेच दुखत असेल, वाकताना, उठताना किंवा फार वेळ बसल्यावर ते वाढत असेल आणि आडवे झाल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा स्नायूंचे किंवा मणक्यांचे दुखणे असते. मूत्रपिंडाचे दुखणे सहसा एका कुशीत, बरगड्यांच्या खाली आणि खोलवर जाणवते, आणि कूस बदलली तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. त्याच्यावरचे आवरण ताणले गेले किंवा मूत्रवाहिनीत अडथळा आला, तरच दुखते. म्हणूनच जंतुसंसर्गात किंवा लघवी तुंबून मूत्रपिंड फुगले असता ठसठस राहते, तर मुतखडा मूत्रवाहिनीत अडकला की कळा लाटेसारख्या येतात, त्या कुशीतून जांघेकडे उतरतात आणि रुग्णाला एका जागी स्वस्थ पडून राहवत नाही. कंबर धरलेला माणूस हालचाल टाळतो आणि मुतखड्याचा रुग्ण येरझारा घालतो, हा फरक मला कोणत्याही यादीपेक्षा अधिक उपयोगी वाटतो. अर्थात त्यालाही अपवाद आहेत: नागीण उठण्याआधी काही दिवस पाठीच्या एकाच बाजूला आग होते आणि ती मूत्रपिंडाची वेदना समजली जाते.

थंडी वाजून ताप येणे, लघवीत रक्त दिसणे किंवा लघवी जवळजवळ बंद होणे यांपैकी काहीही पाठदुखीसोबत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पायांतील शक्ती जाणे, जांघेभोवती बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ही लक्षणे मज्जातंतूंवर दाब आल्याची असू शकतात, म्हणून त्यांतही विलंब करू नये.

मितभाषी

नातेवाइकांच्या विधानाचे मला नवल वाटते, कारण मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार बहुधा दुखतच नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे आहेत, आणि पायांवर सूज किंवा थकवा जाणवेपर्यंत बराच काळ लोटलेला असतो. आपल्याला रक्तदाब आहे, तेव्हा पाठ दुखो वा न दुखो, रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंडे शरीराबाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडल्यास लघवीत उतरणारे रक्तातील प्रथिन) या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. क्रिएटिनीन वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडाची जवळपास निम्मी क्षमता गेलेली असू शकते, म्हणून लघवीची तपासणी वगळू नये.

वाटसरू

दोघांचेही आभार. ताप नाही, लघवीही व्यवस्थित होते आणि दुखणे खुर्चीवरून उठतानाच अधिक जाणवते, म्हणजे बहुधा ते स्नायूंचेच असावे. मग काढा घेतल्याने निदान अपाय तरी होणार नाही ना? भरपूर पाणी पिण्याचाही सल्ला मिळाला आहे.

सावधान

काढ्यापेक्षा मला आपल्या वेदनाशामक गोळीची अधिक चिंता वाटते. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन या वर्गातील औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. त्यांच्या जोडीला रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारे औषध असेल, आणि त्यातच जुलाब किंवा उन्हामुळे शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर निरोगी मूत्रपिंडही अचानक बंद पडू शकते. आजार मूत्रपिंडाचा नसताना त्याच्या भीतीपोटी, किंवा कंबरेसाठी, मनाने गोळ्या घेत राहून मूत्रपिंड बिघडवून घेणे ही मोठी विसंगती आहे. आपली रक्तदाबाची गोळी कोणत्या वर्गातील आहे हे डॉक्टरांना सांगून वेदनाशामक निवडावे. पॅरासिटामोल योग्य मात्रेत घेतल्यास मूत्रपिंडासाठी सामान्यतः अधिक सुरक्षित असते, पण कंबरदुखीत त्याचा उपयोग मर्यादित आहे. शेक, थोडे थोडे चालणे, दर अर्ध्या तासाने खुर्चीवरून उठणे आणि पाठ-पोटाचे व्यायाम हाच मुख्य उपचार आहे.

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीत धरू नये. १९९३ साली बेल्जियममधील डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांमध्ये मूत्रपिंड निकामी झाल्याचे नोंदवले, आणि पुढे त्याचे कारण ॲरिस्टोलोकिया वनस्पतीतील ॲरिस्टोलोकिक आम्ल असल्याचे निष्पन्न झाले. घटक ज्ञात नसलेला काढा मी तरी घेणार नाही.

पाण्याचा सल्ला मुतखड्याला लागू पडतो: दिवसात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे आणि मीठ कमी करावे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. मात्र कळा चालू असताना पाण्याचा मारा केल्याने खडा लवकर पडत नाही, आणि हृदयविकार किंवा मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटलेली असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे लागते. आपल्या कंबरेला त्याचा उपयोग नाही. तहानेपुरते पाणी पुरेसे आहे.

वाटसरू

समजले. डॉक्टरांना विचारेपर्यंत ती गोळी बंद ठेवतो आणि दोन्ही तपासण्या याच आठवड्यात करून घेतो. अल्ब्युमिनसाठी सकाळचीच पहिली लघवी द्यावी लागते का?

मितभाषी

पहिली लघवी अधिक भरवशाची, परंतु नंतरचा नमुनाही चालतो. त्यापूर्वीच्या दिवशी जोरकस व्यायाम टाळावा आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना ही तपासणी करू नये, कारण अशा वेळी अल्ब्युमिन तात्पुरते वाढलेले दिसते. आकडा वाढलेला आला, तरी लगेच घाबरू नये. तीन महिन्यांच्या अवधीत पुन्हा तपासून तो टिकून आहे का, हे पाहूनच निदान केले जाते.