हापिसात गेम कोण कोण खेळतं? कोकणपट्टीचा अनुभव धागा

जांभ्या (रत्नागिरी), धागाकर्ता

नव्या सहकाऱ्याला छंद विचारला की आपल्याकडे ठरलेली उत्तरं येतात. क्रिकेट, भजन, नाटक, गरवायला (गळाने मासे धरायला) जाणं. व्हिडिओ गेम असं कोणी तोंडातून काढत नाही, पण त्याच माणसाचा मोबाइल दुपारी दोनलाच चार्जिंगला लागलेला असतो. तर विचारायचं एवढंच, की तुमच्या कचेरीत, कंपनीत, शाळेत गेम खेळणारे खरोखर किती आणि कोणते? एकत्र खेळतात का, आणि खेळतात तर जमवतात कसं? कुठे अडतं?

एक विनंती. "आम्ही तेव्हा काय धमाल केली" छापाचे किस्से नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू. इथे दुसऱ्याला वापरता येईल असा तपशील द्या. लाइट, नेटवर्क, खारी हवा हे आपले कायमचे पाहुणे आहेत, त्यांच्याबद्दलही लिहा.

बांगडा_फ्राय (मालवण)

खेळतत सगळे, पण कोण सांगणा नाय. बाकी चालू द्या.

सी_शिफ्ट (लोटे)

केमिकल कंपन्यांचं सांगतो. प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, गेटवर जमा. ज्वलनशील वाफा असतात तिथे तो नियम योग्यच आहे. त्यामुळे "कामाच्या वेळी गेम" हा प्रश्नच येत नाही. खेळणं होतं ते कंपनीच्या बसमध्ये आणि भाड्याच्या खोलीवर. तिशीच्या आतले ऑपरेटर, केमिस्ट, अॅप्रेंटिस यांच्यात न खेळणारा शोधावा लागतो. गेम मुख्यतः दोन, बीजीएमआय (पबजी मोबाइलचा भारतीय अवतार) आणि फ्री फायर मॅक्स, दोन्ही शेवटपर्यंत टिकायच्या लढाईचे.

टीम ठरते ती मैत्रीवर नाही, शिफ्टवर. चौघांचं स्क्वॉड हवं तर चौघेही एकाच गटात फिरणारे लागतात. सकाळी सातची शिफ्ट करणारा आणि रात्री अकराला जाणारा यांची गाठ फक्त सुट्टीच्या दिवशी. म्हणून स्क्वॉड करताना आधी शिफ्टचा तक्ता बघा, रँक नंतर. पाचवा माणूस राखीव ठेवाच. ओव्हरटाइम लागला की एक जण गळतोच.

बसमध्ये क्लासिक (नेहमीची लांब) मॅच लावू नका. एरंगेल या मोठ्या नकाशावरची मॅच तीसेक मिनिटं जाते आणि चिपळूणकडे जाताना परशुराम घाटात सिग्नल डळमळतो. गेम तुटला तरी तुमचा खेळाडू मैदानात उभाच राहतो आणि उरलेले तिघे त्याला सांभाळत मरतात. परत जोडता येतं, पण तोवर झोन, म्हणजे आकसत जाणारा सुरक्षित भाग, पुढे सरकलेला असतो. बससाठी टीडीएम (टीम डेथमॅच) बरं. चार विरुद्ध चार, आधी चाळीस किल करेल तो जिंकला, दहा मिनिटांच्या आत निकाल. वेळ थोडा जास्त असेल तर लिविक. नकाशा लहान, ५२ खेळाडू, पंधराएक मिनिटांत संपतं.

बंदीचाही परिणाम लिहायला हवा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल बंद झालं, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आलं, जुलै २०२२ मध्ये तेही स्टोअरवरून गेलं आणि मे २०२३ च्या अखेरीस परतलं. मध्ये फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायरवर बंदी. दर वेळी जुनी स्क्वॉड फुटतात आणि काही जण कायमचे सुटतात. लग्न हे दुसरं कारण.

कोकम_सोडा (रत्नागिरी)

बँका, पंचायत समित्या, कोषागार इथली गोष्ट निराळी. संगणकावर आता काही चालत नाही, सगळं अॅडमिनच्या कुलपात. सॉलिटेअरचा जमाना विंडोज सेव्हनबरोबर गेला. आता मोबाइलवर लुडो किंग, कँडी क्रश, कॅरम पूल आणि बुद्धिबळ. चाळिशी-पन्नाशीतले हेच खेळतात, आणि यांना गेमर म्हटलं तर रागावतात. रोज तासभर खेळणारा माणूस छंदिष्ट नाही तर कोण, हे मला कळलेलं नाही.

लुडो किंग २०१६ पासून आहे, बनवणारी कंपनी नवी मुंबईची. प्रायव्हेट रूम काढून कोड ग्रुपवर टाकला की झालं. डेटा नगण्य लागतो, एका काडीच्या सिग्नलवरही चालतं. अडचण एवढीच की चौघांचा पूर्ण डाव जेवणाच्या अर्ध्या तासात हमखास संपत नाही. क्विक मोड घ्या.

बुद्धिबळासाठी लिचेस ही साइट. फुकट, जाहिराती नाहीत. कार्यालयाच्या नावाने टीम काढा, टीमचा प्रमुख स्पर्धा लावू शकतो. इथे एक निवड चुकते. लोक हौसेने स्विस (ठरलेल्या फेऱ्यांची) स्पर्धा लावतात. स्विसमध्ये पुढची फेरी मागच्या फेरीचा शेवटचा डाव संपल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणजे एक संथ खेळणारा सगळ्यांना तिष्ठत ठेवतो. पाच मिनिटं अधिक चालीला तीन सेकंद असा वेळ धरला तर एक डाव पंधरा मिनिटांपर्यंत जातो. मधल्या सुट्टीला अरीना (फेऱ्यांऐवजी ठरलेल्या वेळेची स्पर्धा) लावा. तीन मिनिटं अधिक दोन सेकंद, एकूण वेळ तीस मिनिटं. डाव संपला की लगेच दुसरा प्रतिस्पर्धी मिळतो, उशिरा आलेलाही घुसू शकतो, साहेबांचा फोन आला तर पॉज घेऊन बाहेर पडता येतं.

माडाखाली (देवगड)

पीसी किंवा कन्सोलवाले सहकारी आपल्याकडे कमी दिसतात, त्याचं कारण आवड नाही. यंत्र टिकत नाही म्हणून लोक सोडून देतात. त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

आधी लाइट. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल (काहींवर ईको). नॉर्मलवर असेल तर लाइट जाऊन बॅटरी पकडायला चाळीस मिलिसेकंदांपर्यंत वेळ जातो. संगणकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) पंधराएक मिलिसेकंद तग धरतो, म्हणून पंखा फिरत राहतो आणि पीसी मात्र रिस्टार्ट होतो. लोक इन्व्हर्टरला शिव्या घालतात, चूक बटणाची असते. यूपीएसवर टाकलं की प्रश्न सुटतो, पण गावात दुसराच निघतो. त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर सरळ बॅटरीवर जातो. संध्याकाळी लाइनच्या टोकाला १६०-१७० मिळत असेल तर लाइट असूनही बॅटरी उतरत राहते आणि चार्ज कधीच होत नाही. उपाय असा: घराचा इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवा आणि फक्त पीसी, मॉनिटर व राउटरला वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (कमी व्होल्टेज बॅटरीवर न जाता सावरून घेणारा) घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीएच्या खाली जाऊ नका.

किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा. १५० एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास. हाती लागतात हजार-अकराशे, कारण पूर्ण उतरवली तर बॅटरी मरते आणि रूपांतरातही तूट असते. खेळताना पीसी ३०० ते ३५० वॉट खातो, म्हणजे तीन तास. लॅपटॉप असेल तर दुप्पट. कोकणात ऑफिसच्या मंडळींनी एकत्र खेळायला लॅपटॉपच घ्यावा, असं माझं मत आहे.

आता अर्थिंग. जांभ्याच्या जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग चांगलं लागतं आणि एप्रिल-मेमध्ये कातळ कोरडा पडला की बिघडतं. ओळख अशी की कॅबिनेटला उलटा हात लावला की मुंग्या येतात. पीसी खराब नसतो. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात, अर्थ मिळाला नाही की कॅबिनेटवर मुख्य व्होल्टेजच्या निम्मं, ११० च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, माणसाला सहसा इजा नाही, पण पोर्टला आहे. चालू टीव्हीला चालू कन्सोलची एचडीएमआय खुपसली की ठिणगी पडून पोर्ट जातो. म्हणून आधी एचडीएमआय, मग दोन्हीचे प्लग. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीनच्या आत असावं, पाचाच्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा. समुद्राजवळ अर्थिंगचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप लवकर गंजतो, पावसाळा संपला की उघडून बघा.

आणि खारी हवा. चालू यंत्र गरम असतं, म्हणून आत ओल धरत नाही. सडतं ते बंद ठेवलेलं. जून ते सप्टेंबर एक दिवसाआड अर्धा तास चालू करा. वर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमटपणा कोंडतो. सुती कापड पुरे. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळसर पडल्या की खोडरबराने हलक्या हाताने पुसा, यूएसबीच्या हिरव्या डागांना ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. केमिस्टकडचं पातळ केलेलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं.

जांभ्या

कव्हरचं वाचून बरेच जण आत्ता उठले असतील. पुढे येऊ द्या.

चिरेबंदी (सावंतवाडी)

घरून काम करणाऱ्यांचं. टीम पुण्या-मुंबईत, एखाद-दुसरा गावी, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळे व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक टू, दोन्ही टीमने खेळायचे नेमबाजीचे ऑनलाइन गेम. आयटीवाल्यांत हे अगदी रुळलेलं आहे, लपवाछपवी नाही. गाववाल्याच्या वाट्याला मात्र "तुझ्या नेटमुळे हरलो" हे ठरलेलं.

दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. फायबरमधून उजेड किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे पाचशे किलोमीटर जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. केबल वळसे घेत गेली तरी दहा-पंधरा. तुमचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) ऐंशी मिलिसेकंद असेल तर अंतराला दोष देऊ नका. चोर घरात असतो. चिऱ्याची भिंत पाच गिगाहर्ट्झचा वायफाय जवळजवळ गिळते, पडवीत राउटर आणि माजघरात लॅपटॉप असेल तर दोन भिंती झाल्या. लॅनची (नेटवर्कची) वायर ओढा, कॅट सिक्स प्रकारची, पन्नास-साठ फूट पुरते. वायर शक्य नसेल तर राउटर दाराच्या रेषेत आणा.

वायर ओढूनही पिंग मध्येच दोनशेवर उडत असेल तर घरातलं कोणी व्हिडिओ अपलोड करतंय का बघा. अपलोडची नळी भरली की तुमची छोटी पाकिटं रांगेत अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती नेट द्यायचं ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोड मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्के ठेवा. गणपतीत हा त्रास हमखास.

ओटी_पडवी (अलिबाग)

शाळा-कॉलेजातल्या बायकांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. शिक्षिकांत खेळणाऱ्या भरपूर आहेत. पझल, लुडो, शब्दकोडी, आणि तरुण मुली बीजीएमआयसुद्धा. त्या दिसत नाहीत कारण अनोळखी टीममध्ये माइक सुरू केला की शिव्या नाहीतर लग्नाच्या मागण्या. उपाय: रँडम खेळाडू भरायचा पर्याय बंद ठेवा, व्हॉइस "ऑल" वरून "टीम" वर आणा आणि नाव ओळखू येणार नाही असं घ्या. सोपा मार्ग म्हणजे गेमचा माइकच बंद आणि चौघींचा ग्रुप कॉल. पण तीन जीबी रॅमच्या फोनवर कॉल आणि गेम दोन्ही धरले तर गेम अडखळतो.

स्टंप_आणि_स्टिक (कुडाळ)

वार्षिक दिनाला किंवा पूजेच्या दिवशी ऑफिसात स्पर्धा लावायची तर फुटबॉल. एफसी (आधीचं फिफा) या गेमचा कुठलाही अलीकडचा भाग, एक कन्सोल, दोन कंट्रोलर. न खेळणाऱ्यालाही बघताना कळतं, हा मोठा फायदा. हाफ चार मिनिटांचा ठेवा. मध्यंतर, संघनिवड धरून मॅच बारा मिनिटं. आठ जणांची बाद फेरी म्हणजे सात मॅच, दीड तासात संपते. पण त्यात चौघे पहिल्याच मॅचला घरी जातात आणि तोंड पाडून बसतात. चार-चारचे दोन गट केले तर बारा अधिक दोन उपांत्य आणि एक अंतिम, पंधरा मॅच, तीन तास. मी गटच सुचवेन. सगळ्यांची आठ जणांत साखळी लावली तर अठ्ठावीस मॅच होतात, रात्र होईल.

प्रोजेक्टर वापरलात तर मेनूत गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर पास उशिरा जातो आणि हरणारा तेच कारण देतो. कंट्रोलरची काडी आपोआप सरकत असेल तर सेटिंगमध्ये डेडझोन (काडीची जेवढी हालचाल गेम धरत नाही तो भाग) थोडा वाढवून तेवढा दिवस निभतो. कायमचा उपाय हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणाऱ्या) काडीचा कंट्रोलर, त्यात घासणारा भाग नाही, खाऱ्या हवेत तो जास्त जगतो.

लॅपटॉप जमवून एकाच जागी लॅनवर खेळणाऱ्यांना एकच: स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर) एकाने गेम उतरवून ठेवा आणि बाकीच्यांनी स्थानिक नेटवर्कवरून कॉपी करा. २०२३ पासून ती सोय आहे. पन्नास जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या नेटवर पावणेतीन तास घेतो, गिगाबिट स्विचवरून दहा-पंधरा मिनिटांत जातो. स्विच आठ पोर्टचा साधा पुरतो, फक्त वायर जुनी कॅट फाइव्ह चार तारांची नको, ती शंभर एमबीपीएसवरच अडते. आणि विंडोजमध्ये नेटवर्क "प्रायव्हेट" करा, "पब्लिक" असलं की फायरवॉल शेजारचा लॅपटॉप दिसू देत नाही.

प्रवेशफी गोळा करून बक्षीस ठेवू नका. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झालेत, उगाच शंकेला जागा कशाला. करंडक ऑफिसच्या खर्चातून, वडापाव ज्याचा त्याने.

कोकम_सोडा

@माडाखाली, विजा चमकत असताना यूपीएस पुरतो का? सगळं काढायलाच हवं?

माडाखाली

पुरत नाही. प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण फायबरच्या डब्याचा अॅडॉप्टर लाइटवरच असतो, तोही काढा. शेजारच्या घरातून किंवा गोठ्यातून बाहेरून लॅनची तांब्याची वायर आणली असेल तर ती सगळ्यात आधी, दोन्ही टोकांनी. मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी चारनंतर मॅच लावताना आभाळ बघून लावा.