शब्दचर्चा : बातमीतला ‘बायस’ म्हणजे नेमकं काय? पक्षपात, पूर्वग्रह, कल की दुजाभाव?

मूळ प्रश्न : चोपडा

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात रविवारी पेपर वाचून त्यावर बोलायचा परिपाठ आहे. कॉलेजची मुलं न पटलेल्या प्रत्येक बातमीला ‘बायस्ड’ म्हणतात. वडीलधाऱ्यांचा शब्द ठरलेला, ‘विकला गेलेला मीडिया’. आणि अहिराणीत तर निकालच लागतो : ‘तो पेपर त्यासना शे’, म्हणजे तो पेपर त्यांचा आहे. एवढं म्हटलं की बोलणं संपतं. बातमीत चुकलं काय, हे मग कुणालाच दाखवावं लागत नाही.

बायसला मराठीत पूर्वग्रह, पक्षपात, कल, झुकाव, दुजाभाव असे बरेच शब्द सापडतात. माझ्या मते हे एकमेकांच्या जागी चालणारे शब्द नाहीत. पूर्वग्रह मनात असतो, तो दुसऱ्याला सिद्ध करता येत नाही. पक्षपात कृतीत दिसतो, म्हणून तो दाखवता येतो. कल तर उघड सांगूनही ठेवता येतो. मुलांना हा फरक आपल्याकडच्या बातम्यांतून समजावायचा आहे. जाणकारांनी उदाहरणं द्यावीत.

प्रतिसाद : धुळे

माझी नोकरी उपसंपादकाच्या टेबलावर गेली, म्हणून आधी ‘कल’ या शब्दाची बाजू मांडतो. कल असणं हा दोष नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ काढलं ते लोकांना नवं ज्ञान मिळावं म्हणून. आगरकरांचं ‘केसरी’शी पटेना तेव्हा ते बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. पेपर कोणत्या बाजूचा, हे नावावरूनच कळत होतं. बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चंही (1920) तसंच. ज्यांना तोंड उघडू दिलं जात नव्हतं त्यांच्या बाजूने हे पत्र आहे, हे त्यांनी लपवलं नाही. आपल्या अमळनेरातून साने गुरुजींनी 1938 मध्ये साप्ताहिक काढलं, त्याचं नावच ‘काँग्रेस’. वाचणाऱ्याला ते हाती घेतानाच ठाऊक असे की हा माणूस कुठे उभा राहून बोलतो आहे.

दोष सुरू होतो तो ‘निःपक्षपाती’ अशी पाटी लावून आत कल लपवला की. म्हणून ‘हा पेपर अमक्या बाजूचा’ ही तक्रार माझ्या लेखी अर्धीच. ‘बाजू आहे आणि ती वाचकाला सांगितलेली नाही’ असं म्हटलं की ती पुरी होते.

आता डेस्कवरचे शब्द. आम्ही ‘बायस’ कधी म्हणत नव्हतो. बातमी *लागली*, बातमी *मारली*, बातमी *दाबली*, बातमी *पेरली*, विषय *उचलून धरला*, असं बोलायचो. यातल्या प्रत्येक शब्दामागे कुणीतरी केलेलं एक काम आहे. जागा नाही म्हणून उपसंपादकाने काढली ती ‘मारलेली’ बातमी. कुणाचा तरी फोन आला म्हणून थांबली ती ‘दाबलेली’. एखाद्या गटाने दुसऱ्याला अडचणीत आणायला गुपचूप आणून दिली ती ‘पेरलेली’. वाचकांनी हे शब्द बिनधास्त वापरावेत. फक्त ‘मारलेली’ला ‘दाबलेली’ म्हणू नये. त्याने प्रामाणिक बातमीदारावर उगाच आळ येतो. तालुक्याचा बातमीदार तुटपुंज्या मानधनावर काम करतो, बातमीबरोबर जाहिरातही त्यालाच आणावी लागते, आणि पुष्कळदा त्याने धाडसाने पाठवलेली बातमी वर बसलेला कुणीतरी थांबवतो.

प्रतिसाद : नंदुरबार

धुळ्याच्या सरांनी क्रियापदांचं सांगितलं. मी एका विशेषणाबद्दल बोलते. ते विशेषण आमच्या जिल्ह्याच्या कपाळी मारलेलं आहे : दुर्गम.

अक्राणी किंवा अक्कलकुव्यातल्या पाड्यावरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून खाली आणलं, ही बातमी तुम्ही सर्वांनी वाचली असेल. तिच्यात ‘दुर्गम भागामुळे’ हा शब्दप्रयोग ठरलेला असतो. ‘अतिदुर्गम’ही चालतं. दुर्गम म्हणजे जाण्यास कठीण. म्हणजे दोष डोंगराचा! रस्ता कुणी करायचा होता, मंजूर कधी झाला, काम का अडलं, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकले जातात. त्याच सातपुड्यातलं तोरणमाळ पर्यटनाच्या पानावर येतं तेव्हा ‘निसर्गरम्य’ असतं. डोंगर तोच. पर्यटकासाठी रम्य आणि आजाऱ्यासाठी दुर्गम.

यात कुणी पैसे घेतलेले नाहीत, कुणी फोन केलेला नाही. म्हणून इथे पक्षपात हा शब्द मला चुकीचा वाटतो. ही सवय आहे. शहरात बसून डोंगराकडे बघायची सवय. तिला फार तर ‘पूर्वग्रह’ म्हणता येईल. पण मूळ प्रश्नात पूर्वग्रह सिद्ध करता येत नाही असं म्हटलंय, ते मला मान्य नाही. भाषेत तो सिद्ध करता येतो. दुर्गम हा शब्द खोडा आणि तिथे ‘रस्ता नसलेलं गाव’ लिहा. बातमी लगेच कुणालातरी जाब विचारू लागते.

तसंच ‘करण्यात आले’. मराठी पेपरांना या प्रयोगाची फार सवय. ‘लाठीमार करण्यात आला’, ‘दाखला नाकारण्यात आला’, ‘अतिक्रमण हटवण्यात आले’. करणारा वाक्यातून गायब. माझ्या वर्गातल्या मुलांना मी अशा ओळींना कर्ता जोडायला सांगते. ‘पोलिसांनी लाठीमार केला.’ ‘तलाठ्याने दाखला नाकारला.’ कर्ता जोडता आला नाही, तर बातमीदाराने तो विचारलाच नाही असं समजायचं. आणि ‘सौम्य लाठीमार’मधलं ‘सौम्य’ कुणी मोजलं, हा प्रश्न ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला विचारावा.

प्रतिसाद : रावेर

ताई, बरोबर बोललात. आमच्याकडे हेच केळीच्या भावाचं. ‘केळीला विक्रमी भाव’ असा मथळा येतो. तो भाव असतो जाहीर झालेला. कापणीला व्यापारी बांधावर येतो तेव्हा माल पाहून, मागणी पाहून कमी भाव सांगतो, आणि केळी थांबवून ठेवायचा माल नाही. बाग पिकायला लागली की शेतकऱ्याचा हात दगडाखाली. जाहीर भाव आणि हातात पडलेला भाव यांतली तफावत ही रावेर-यावलची जुनी तक्रार आहे. पण बातमीत पहिलाच आकडा येतो, कारण तो एका फोनवर मिळतो. दुसऱ्यासाठी बागेत यावं लागतं.

पुण्या-मुंबईचा वाचक म्हणतो, यांची तर चांदी आहे, मग कर्जमाफी कशाला? अशा बातमीला काय म्हणायचं? आकडा खोटा नाही. कुणाची बाजू घेतली असंही नाही.

प्रतिसाद : धुळे

‘एकांगी’ म्हणा. एकांगी म्हणजे एकच अंग दिसलं. ‘एकतर्फी’ त्याहून वेगळं : दोन तर्फा आहेत हे ठाऊक असून एकीलाच विचारलं. बाजार समितीशी बोलून लिहिलेली तुमची बातमी एकांगी. आंदोलनाची बातमी फक्त पोलिसांच्या प्रेसनोटवरून लिहिली, तर ती एकतर्फी.

प्रतिसाद : अमळनेर

मी शिवणकाम करतो. कापडात बायस म्हणजे आडव्या-उभ्या धाग्याला तिरका काप. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ तिरकेपणाचाच. आम्ही त्याला उरेब म्हणतो. उरेब पट्टी हवी तशी वळते, गळ्याला बसते. कापड तेच असतं, एक सूत कमी होत नाही. तिरकी बातमीही तशीच असते, खोटी नसून कापलेली तिरकी. शब्द रूढ होईल असा आग्रह नाही, पण मुलांना समजवायला कामी येईल.

प्रतिसाद : भुसावळ

शब्दांचा एवढा कीस चांगलाच, कारण संपादकाला पत्र लिहिताना तो थेट उपयोगी पडतो. ‘तुमचा पेपर विकलेला आहे’ या पत्राला उत्तर येत नाही आणि ते छापलंही जात नाही. उलट ‘अमक्या तारखेच्या, अमक्या पानावरच्या बातमीत ग्रामसभेचा ठराव नामंजूर झाला असं आहे. ठराव मंजूर झाला. इतिवृत्ताची प्रत जोडली आहे. दुरुस्ती छापावी’ असं पत्र बाजूला टाकणं संपादकाला जड जातं.

इथेही तीन शब्द नीट वेगळे ठेवा. खुलासा हा ज्याच्याविषयी बातमी आली त्याचा. तो छापला तरी पेपर आपल्या बातमीवर ठाम राहू शकतो. दुरुस्ती पेपरने करायची, चूक मान्य करून. दिलगिरी दुरुस्तीच्याही पुढची. आपल्याला हवी असते दुरुस्ती आणि आपण मागतो खुलासा. मग ‘संबंधितांनी खुलासा केला आहे की…’ अशी दोन ओळींची चौकट येते आणि मूळ चूक तशीच राहते.

पत्राला दाद मिळाली नाही, तर पुढे भारतीय वृत्तपत्र परिषद आहे. सध्याची परिषद 1978 च्या कायद्याने चालते. नियम सोपे आहेत. आधी संपादकाला लिहिलेलं असलं पाहिजे. दैनिक-साप्ताहिकाबाबत मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांत तक्रार गेली पाहिजे. कात्रण, त्याचं भाषांतर आणि संपादकाशी झालेला पत्रव्यवहार जोडायचा, आणि या विषयावर कोर्टात खटला चालू नाही असं लिहून द्यायचं. परिषद दंड करू शकत नाही. ती ताकीद देते, ठपका ठेवते. ‘मग उपयोग काय?’ असं इथे कुणी विचारेल. संपादकाला ठपका आवडत नाही, हे धुळ्याचे सर सांगतील.

वाहिन्या वृत्तपत्र परिषदेकडे येत नाहीत. तिथे आधी वाहिनीकडेच लेखी तक्रार करायची. बातम्यांच्या वाहिन्यांची स्वतःची नियमन यंत्रणा आहे. सभासद वाहिन्यांसाठी तिची मुदत फार तोकडी, पहिल्या प्रसारणापासून 7 दिवस. तेव्हा राग आला त्याच दिवशी तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचं नाव लिहून ठेवा.

प्रतिसाद : चोपडा

भाऊ, हे मला हवं होतं त्याहून जास्त मिळालं. एक शब्द राहतो : ‘पेड न्यूज’. याला मराठीत काय म्हणावं? आमच्याकडे कुणी ‘पाकीट’ म्हणतं, कुणी ‘पॅकेज’.

प्रतिसाद : धुळे

दोन्ही शब्द ठेवा, अर्थ वेगळे आहेत. पाकीट बातमीदाराच्या खिशात जातं. पॅकेज मालकाच्या तिजोरीत जातं, आणि त्याचा दर असतो. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की उमेदवाराची स्तुती करणारा एकच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या पेपरांत बातमी म्हणून आला होता. मग वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने चौकशी केली, 2010 मध्ये अहवाल झाला. 2011 मध्ये अशा बातम्यांवरचा निवडणूक खर्च लपवला म्हणून उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराला निवडणूक आयोगाने अपात्र ठरवलं. सगळं ‘पाकीट’ म्हटलं की दोष बातमीदारावर जातो आणि मालक सुटतो. शब्द निवडताना याचं भान ठेवा.

‘विकत घेतलेली बातमी’ हा मला सरळ मराठी पर्याय वाटतो. ‘विकलेली’पेक्षा ‘विकत घेतलेली’ बरा, कारण त्यात घेणाराही दिसतो.

प्रतिसाद : भुसावळ

आणि निवडणुकीत यासाठी जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. तिच्याकडे सामान्य मतदारही जाऊ शकतो. दोन पेपरांतला एकसारखा मजकूर शेजारी-शेजारी ठेवून नेला की फार बोलावं लागत नाही. निवडणूक नसेल तेव्हा माहिती अधिकार आहे. कोणत्या सरकारी कार्यालयाने कोणत्या पेपरला किती रकमेच्या जाहिराती दिल्या, हे 2005 च्या कायद्याखाली विचारता येतं. ज्या कार्यालयावर एखादा पेपर कधीच टीका करत नाही, तिथून सुरुवात करा.

प्रतिसाद : नंदुरबार

मूळ प्रश्नातला ‘दुजाभाव’ कुणीच घेतला नाही. तो तुलनेनेच कळतो. एकट्या बातमीत दुजाभाव नसतो, त्याला दोन बातम्या लागतात. एका पक्षाचा मोर्चा निघाला तर ‘वाहतुकीची कोंडी, नागरिक हैराण’ आणि दुसऱ्याचा निघाला तर ‘विराट जनसागर’. एक नेता ‘म्हणाला’ आणि दुसऱ्याने ‘दावा केला’. वाचनालयात जुने अंक ठेवत असाल तर रविवारी मुलांकडून हेच करून घ्या : एकाच पेपरातल्या दोन मोर्चांच्या बातम्या, फक्त क्रियापदं आणि विशेषणं अधोरेखित करायची. मी पुढच्या महिन्यात आमच्या शाळेत करणार आहे. पाड्यावरची मुलं काय काय शोधतात ते इथेच कळवते.