मदत हवी आहे: सोलापूरहून लंडनला आईबाबांना मुंबईवरून पाठवू की हैदराबादवरून?

नमस्कार मंडळी,

ताईचं बाळंतपण जानेवारीत लंडनला आहे. आईबाबा डिसेंबरात निघतील. दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार. आई रोज इन्सुलिन घेते, त्यामुळे थेट विमानच बघतोय.

मुंबई ते हीथ्रो अंतर साधारण ७,२०० किमी. ताशी ९०० किमी धरले तर आठ तास. पण तिकिटावर दुपारी २ ला सुटून त्याच संध्याकाळी पावणेसातला पोहोचतं असं दिसतंय. येताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला. प्रत्यक्ष बसायचं किती तास? आईच्या जेवणाच्या, इंजेक्शनच्या वेळा त्यावरच ठरवायच्या आहेत.

शिवाय इथून हैदराबाद जवळ. कुणी घरच्या वयस्कर माणसांना तिकडून पाठवलंय का?

प्रतिसाद १

तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे जाताना पावणेपाच अधिक साडेपाच, सव्वादहा तास. येताना साडेचौदातून साडेपाच वजा, नऊ तास. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, तो जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतो. धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळही यातच धरलेला असतो, म्हणून आठ तासांचा हिशेब जुळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांची विमानं वळसा घेऊ लागली. कंपनी निवडताना एवढं बघाच.

आईंचा जातानाचा दिवस साडेएकोणतीस तासांचा होणार. डोस कसा विभागायचा ते तिकीट दाखवून डॉक्टरांनाच विचारा, अंदाजाने नको. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खालच्या सामानात ते गोठू शकतं.

प्रतिसाद २

आम्ही सासूबाईंना हैदराबादवरून पाठवलं. हवेतलं अंतर थोडं जास्त आहे, साडेसात हजारांच्या वर. पण घरातून गाडीत बसवलं की थेट शमशाबादच्या विमानतळावर, तीनशेच्या आसपास किमी. मुंबई चारशे, वर शेवटी शहरातली गर्दी. विमान पहाटेचं असेल तर आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा, रात्रीचा हायवे नको.

मुंबईच ठरली तर वंदे भारतने दादरला उतरा, साडेसहा तासांच्या आत पोहोचाल. मात्र ती दुपारी पोहोचते, तुमच्या २ च्या विमानाला चालणार नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालं तर सकाळी मुंबईत.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच दोघांसाठी सांगून ठेवा, पैसे लागत नाहीत. आत चालणं फार आहे. शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल द्या, खव्याचे पेढे देऊ नका. तिकडे बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत.