अनुभव धागा : काम ठप्प झालं तेव्हा कशाने तारलं?

मागच्या आठवड्यात आमचा डेटाबेस गेला. दीड दिवस बिलिंग बंद. बॅकअपवरून सगळं परत आणलं खरं, पण तो बॅकअप शाबूत राहिला टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीमुळे. चुकीची कमांड आपल्याच हातून गेली, हे तिने पाच मिनिटांत येऊन सांगितलं. भीतीने गप्प बसली असती तर रात्रीच्या बॅकअपने चांगली प्रतही पुसली असती. तुमच्याकडे काय घडलं? मोकळेपणाने लिहा.

*

आमच्याकडे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. बॅकअप होता, पण त्याच नेटवर्कला जोडलेला, त्यामुळे तोही लॉक. वाचवलं अकाउंट्समधल्या मॅडमच्या ड्रॉवरमधल्या हार्ड डिस्कने. दर शुक्रवारी कॉपी घ्यायच्या आणि केबल काढून ठेवायच्या. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा ३-२-१ नियम आम्हाला पाठ होता; पाळत होत्या फक्त त्या. आता दर तिमाहीला रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून सगळं परत आणून बघतो. पहिल्याच सरावात अडलो, कारण पासवर्डची फाइल त्याच बंद सर्व्हरवर होती! आता ती छापून तिजोरीत ठेवली आहे.

*

२०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवर कोणाला आत घ्यायचं हे सांभाळणारे सर्व्हर) पुसले गेले. एकच वाचला, घानातल्या ऑफिसमधला, कारण तिथे नेमकी वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, मग आपण कशाच्या भरवशावर?

*

मी गोदामात शिफ्ट बघतो. सिस्टिम बंद पडली की कोरी चलनं काढून हाताने लिहितो. माल थांबवायचा की सोडायचा हे शिफ्टवाल्यानेच ठरवायचं, वर विचारत बसायचं नाही, असं लेखी दिलेलं आहे. त्या एका कागदाने आमचे कितीतरी तास वाचलेत.

*

गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसच डिलीट झाला, सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी दुरुस्ती चालू असतानाच सगळं जाहीर केलं, बॅकअप चालत नव्हते हेसुद्धा. माणसाला धरून बसले नाहीत. धागाकर्ते, तुमच्याकडच्या त्या मुलीचं पुढे काय झालं?

*

दोन दिवस आलीच नाही. फोन करून बोलावलं. पुढच्या महिन्यातल्या रिस्टोअरच्या सरावाची जबाबदारी तिच्याकडे दिली आहे, यादी करायला बसलीय.