कवितासंग्रह एकही नाही, मुलाखती मात्र ढीगभर. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ (धागाकर्ता)
बीडकडचा एक तरुण आहे. नाव घेत नाही, बऱ्याच जणांच्या लक्षात येईलच. कविता लिहितो, ऊसतोडीवर एक लघुपट केलाय. गेल्या हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरात त्याच्या कवितांचं आणि फोटोंचं प्रदर्शन झालं. पाठोपाठ कॉलेजांमधून कार्यशाळा, मग वाहिन्यांवर मुलाखती. पोरगा गुणी आहे, त्यात वाद नाही. पण एका लघुपटाच्या जिवावर 'सुप्रसिद्ध दिग्दर्शक' म्हणून शाली घेत फिरणं जरा लवकर नाही होत? ना. धों. महानोरांनी पळसखेड्यात शेती केली, १९६७ साली 'रानातल्या कविता' आला, सिनेमाची गाणी त्यानंतर. आधी काम, मग गाजावाजा. आणि कविता फोमशीटवर छापून भिंतीला टांगायची, हे काय नवीन खूळ?

मास्तर
नवीन? अंबाजोगाईला जाऊन या एकदा. संतकवी दासोपंतांनी 'पंचीकरण' हा वेदान्तावरचा ग्रंथ सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहून ठेवलंय. पासोडी म्हणतात तिला. चारशे वर्षं झाली.

गोदाकाठ
मास्तर, त्याच दासोपंतांच्या नावावर 'गीतार्णव' ही गीतेवरची टीका पण आहे, सव्वा लाख ओव्यांची म्हणतात. आमच्या कवीनं पंचवीस कविता एका पुठ्ठ्यात बांधून दाखवाव्यात, मी गप्प बसतो.

ज्वारीचं कणीस
पुठ्ठ्यात बांधायला पैसे लागतात, दादा. नव्या कवीचा संग्रह बहुतेक वेळा कवीच्याच खिशातून निघतो, अन् पुढं गठ्ठे त्याच्याच माळ्यावर पडतात. संग्रह आला म्हणजे कवी सिद्ध झाला, ही कसोटी धरली तर ज्याच्याकडं पैसे तोच कवी.

मी त्याच्या कार्यशाळेला होते. पहिला अर्धा तास नुसतं स्वतःबद्दल बोलला, कंटाळा आला, ते कबूल. पण नंतर सगळ्यांना मोबाईल घेऊन बसस्टँडवर पाठवलं. एकच शॉट घ्यायचा, एक मिनिटाचा. मोबाईल हलवायचा नाही, मागं गाणं टाकायचं नाही. परत येऊन पडद्यावर लावलं तर निम्म्यांच्या शॉटमध्ये वाऱ्याचा नुसता खरखराट. तेव्हा त्यानं पिशवीतून जुन्या मोज्याचा तुकडा काढला, माईकवर गुंडाळला अन् तोच शॉट पुन्हा घ्यायला लावला. कंडक्टरच्या तिकीट मशीनचा कटकट आवाज स्वच्छ आला. आमच्या कॉलेजात मास कॉमचा विभाग नाही अन् पुण्याला जाऊन शिकायची घरून परवानगी नाही. अशा पोरींसाठी हे काय असतं, ते शाली मोजणाऱ्यांना नाही कळायचं.

मास्तर
+१. नागराज मंजुळ्यांचा संग्रह आणि लघुपट दोन्ही २०१० च्या आगेमागेच आले. कुणी आधी एक पुरं कर मग दुसरं धर, असं त्यांना म्हटलं नाही.

गोदाकाठ
पण संग्रह आला ना! तेच तर म्हणतोय मी.

पडद्यामागचा
माझी हरकत वेगळी आहे. संग्रह, शाली, मुलाखती, सगळं माफ. प्रदर्शन मी पाहिलं. एका फोटोत बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतेय, चेहरा स्पष्ट. खाली कविता, कवितेत तिच्या घरातलं भांडण. त्या बाईला विचारलं होतं का? तिनं तो फोटो पाहिला का? अभिप्रायांची वही भरत चाललीय, प्रमुख पाहुणे 'अंगावर काटा आला' लिहून जातायत, अन् जिच्यामुळं काटा आला तिचा पत्ता नाही. मी स्वतः लघुपटांचं साऊंड करतो. माणसाचा आवाज वापरायचा तर आधी त्याला ऐकवावा, एवढी तरी रीत पाळायला हवी.

ज्वारीचं कणीस
विचारून घेतलेत फोटो. कार्यशाळेत सांगितलं त्यानं.

पडद्यामागचा
विचारणं वेगळं, दाखवणं वेगळं. अन् प्रदर्शन डिसेंबरात! ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन निघतात, कोण पश्चिम महाराष्ट्रात, कोण कर्नाटकात. डिसेंबरात ती बाई फडावर असणार. तिला पाहता येऊच नये अशी तारीख काढल्यासारखं झालं हे.

ज्वारीचं कणीस
तारीख हॉलवाल्याच्या हातात असते, कलाकाराच्या नाही. पण मुद्दा बरोबर आहे तुमचा. पाडव्यानंतर टोळ्या परतल्या की गावातच लावायला हवं. लघुपट पण दाखवता येईल, रात्री शाळेच्या भिंतीवर.

मास्तर
लाईट राहिली तर. जनरेटरचं भाडं आत्ताच धरून ठेवा. अन् मुकादमाला आधी कल्पना द्या, नाहीतर तोच पोरांना अडवायचा. लघुपटात उचलीचा हिशेब आहे म्हणे.

पडद्यामागचा
हिशेब आहे म्हणूनच दाखवायला पाहिजे. माईक-स्पीकर माझे, भाडं नको.

गोदाकाठ
संग्रहाचं माझं म्हणणं कायम आहे. पण गावात लावणार असाल तर जनरेटर माझ्याकडं लागला. अट एकच, फेटे-शाली-हार काही नको.

ज्वारीचं कणीस
फेटा नाही तर सरपंच येणार नाही. अन् सरपंच नाही तर शाळेची चावी कोण देणार, तुम्ही?

गोदाकाठ
बरं. एक फेटा. सरपंचाला. कवीला नाही.