कंपनीच्या वायफायला प्रत्येकाचं वेगळं लॉगिन द्यायचंय, फ्रीरेडियसमध्ये (लॉगिन तपासणारं मोफत सर्व्हर सॉफ्टवेअर) अडकलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं युनिट आहे. वायफाय वापरणारे पन्नासएक जण, ॲक्सेस पॉइंट सहा आणि सगळ्यांना मिळून पासवर्ड एकच. मागच्या महिन्यात गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी आमच्याकडून काम सोडून गेलेला एक मुलगा बसला होता, त्याच्या मोबाईलला आमचंच वायफाय लागलेलं. त्याची चूक नाही, तो गेल्यावर पासवर्ड आम्हीच बदलला नव्हता. बदलायचा म्हणजे प्रत्येक मोबाईल, लॅपटॉप, बारकोड स्कॅनर पुन्हा हातात घ्यायचा, म्हणून कुणी त्या वाटेला जात नाही.

लायसन्सवर खर्च करायची तयारी नाही. म्हणून जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून फ्रीरेडियस 3 बसवलं आणि ॲक्सेस पॉइंट डब्ल्यूपीए2 एंटरप्राइझवर (प्रत्येकाचं वेगळं लॉगिन मागणारी वायफायची पद्धत) नेले. फाइलमध्ये लिहिलेला टेस्ट युजर मोबाईलवर लगेच जोडला गेला, फार बरं वाटलं. मग ते ओपनएलडॅपला (खाती आणि पासवर्ड ठेवणारी डिरेक्टरी, थोडक्यात एलडॅप) जोडलं, कारण मेलची सगळी खाती तिथेच आहेत. आता रॅडटेस्ट या चाचणीच्या कमांडने तपासलं की 'ॲक्सेस-ॲक्सेप्ट' म्हणजे होकार येतो, पण तेच नाव-पासवर्ड मोबाईलवर टाकलं की नकार. डीबग मोडमध्ये पाहिलं तर एलडॅपमध्ये युजर सापडतो, पुढे एमएसचॅप (पासवर्ड तपासणारा भाग) म्हणतं एनटी-पासवर्ड (विंडोजच्या पद्धतीने साठवलेला पासवर्ड) नाही. सुट्टीचे दोन शनिवार यात गेले. कुठे चुकतंय? आणि अँड्रॉइड सीए सर्टिफिकेट (सर्व्हर खरा आहे हे पटवणारा दाखला) विचारतं तिथे काय निवडायचं?

प्रतिसाद:

तुमच्या सेटिंगमध्ये चूक नाही, दोन पद्धतींचा मेळ बसत नाहीये. रॅडटेस्ट पीएपी या साध्या पद्धतीने विचारतं, म्हणजे सर्व्हरला मूळ पासवर्ड मिळतो आणि तो एलडॅपमधल्या हॅशशी (पासवर्डवरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा) ताडून बघता येतो. मोबाईल पीईएपी-एमएसचॅपव्ही2 ही दुसरी पद्धत वापरतोय. त्यात पासवर्ड पाठवलाच जात नाही, त्यामुळे सर्व्हरकडे मूळ पासवर्ड किंवा त्याचा एनटी हॅश असावाच लागतो. तुमच्या एलडॅपमध्ये बहुधा एसएसएचए प्रकारचा हॅश असेल, त्यावरून एनटी हॅश काढता येत नाही. एनटी हॅश वेगळा साठवता येतो, पण तो एमडी4 या जुन्या पद्धतीवर आधारलेला, सॉल्ट (प्रत्येक पासवर्डात मिसळायची वेगळी अक्षरं) नसलेला, म्हणजे फोडायला सोपा, त्यामुळे मी तरी ते करणार नाही. ईएपी-टीटीएलएस (आधी सर्व्हरपर्यंत कूटबद्ध बोगदा उघडणारी पद्धत) घ्या, आत पीएपी. अँड्रॉइडवर आणि विंडोज 8 पासून पुढे ते आहेच.

सर्टिफिकेटच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. या पद्धतीत पासवर्ड बोगद्यातून मूळ रूपात जातो. मोबाईल सर्टिफिकेट तपासत नसेल, तर तुमच्याच नावाचं वायफाय टपरीवरून कुणीही सुरू करेल आणि पासवर्ड अलगद त्याच्या हाती पडतील. स्वतःचं सीए बनवा, मोबाईलवर टाका, डोमेनचा रकानाही भरा. फ्रीरेडियससोबत येणाऱ्या नमुना फाइल्समध्ये सर्टिफिकेटची मुदत 60 दिवसांची असते, ती आधी वाढवा, नाहीतर दोन महिन्यांनी एका सकाळी सगळेच बाहेर. जे स्कॅनर हे करू शकत नाहीत त्यांना वेगळं व्हीलॅन (त्याच यंत्रणेवरचं स्वतंत्र नेटवर्क) द्या.

धागाकर्ता:

मनापासून आभार! कालच्या शनिवारी टीटीएलएस लावलं, माझा मोबाईल आणि अकाउंट्सचे दोन लॅपटॉप एलडॅपच्याच पासवर्डने जोडले गेले. सोडून गेलेल्या मुलाचं खातंही बंद केलं. आता आयफोनवाले चौघे उरलेत. त्यांच्यासाठी प्रोफाइल फाइल बनवावी लागते असं दिसतंय, कुणी केली असेल तर नेमकं काय काय भरलंत ते सांगा.