पॉश टॉवरमध्ये २२व्या मजल्यावर फ्लॅट घ्यावा का? राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा

जिनाचढू: सध्या तीन मजली जुन्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतोय, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे आता बोलायला लागलेत. एका टॉवरमध्ये २४ पैकी २२व्या मजल्यावर फ्लॅट बघितला, पूल, जिम, तीन लिफ्ट, लॉबी अशी की चप्पल बाहेर काढावीशी वाटली. बायको एका पायावर तयार आहे. ब्रोकर गोडगोड बोलतोय म्हणून इथे विचारतोय, राहायला गेल्यावर नक्की काय खटकतं?

नऊवर्षंवरती: नऊ वर्षं झाली मला. फायदे खरेच आहेत हां, डास जवळपास नाहीत, वारा, उजेड, दार ओढून घेतलं की महिनाभर गावाला जा, डोक्याला ताप नाही. पण लिफ्ट! तीन आहेत म्हणतोस, त्यातली एक सामानाची असणार, एक कधीतरी मेंटेनन्सला, उरली एक. त्यामुळे फ्लॅट रविवारी दुपारी बघू नकोस, कामाच्या दिवशी सकाळी नऊला लॉबीत जाऊन नुसता उभा राहा. आणि पूल म्हणशील तर पहिल्या वर्षी आठ-दहा वेळा गेलो असेन, नंतर एकदाही नाही, पैसे मात्र दर महिन्याला जातायत.

नळदुरुस्त: मी पाण्याचं सांगतो कारण कामच ते आहे. टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की साधारण १ बार प्रेशर वाढतं, त्यामुळे उंच बिल्डिंगमध्ये खालच्यांना प्रेशर कमी करायचे वॉल्व्ह लावावे लागतात आणि वरच्यांची बोंब उलटी. तू २२व्यावर म्हणजे गच्चीवरची टाकी डोक्यावरच, जेमतेम पाऊण-एक बार मिळणार, वरच्या मजल्यांना वेगळा बूस्टर पंप नसेल तर शॉवर म्हणजे ठिबक सिंचन. बघायला जाशील तेव्हा सगळे नळ एकदम सोडून बघ, लाजू नको.

कानठळी: आवाजाचं कोणी बोललंच नाही! रस्त्याचा कमी येतो, पण वरच्या घरातली खुर्ची सरकली की थेट आपल्या डोक्यात, कारण तो आवाज हवेतून नाही, स्लॅबमधून येतो, खिडक्या कितीही भारी लावा. आमच्या वर रात्री साडेअकराला कोणीतरी गोट्या खेळतं, टक, टक-टक, घरंगळत... दोनदा वर जाऊन आले, म्हणतात आमच्याकडे लहान मूलच नाही.

हिशोबी: आईसाठी घेतोयस तर घेच, पण आधी सोसायटीच्या मागच्या दोन-तीन मीटिंगचे मिनिट्स माग. लॉबीचा मार्बल सगळे बघतात, सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी सोसायटीने साठवलेल्या पैशात, किती आहे ते कोणी विचारत नाही. लिफ्ट वीस-पंचवीस वर्षांनी बदलावी लागते, बाहेरून रंग द्यायचा तर झुला टांगावा लागतो, पंप, जनरेटर, फायरची लाइन, हे सगळं सगळ्यांचं म्हणजे तुझंही. आमच्याकडे फंड आटला आणि एकदम मोठी वर्गणी काढली, तेव्हा व्हॉट्सॅप ग्रुपवर जी जुंपली की अजून काही लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघत नाहीत. आणि हो, लाइट गेली तर जनरेटरवर किती लिफ्ट चालतात तेही विचार, आमच्याकडे एकच.

पश्चिमेची: पश्चिमेला तोंड असेल तर जपून रे बाबा. मोठ्ठ्या काचा फोटोत छान दिसतात, संध्याकाळी चार नंतर हॉल म्हणजे भट्टी. आम्ही सूर्यास्तासाठी जादा पैसे मोजले आणि आता पडदे लावून बसतो.

जिनाचढू: सगळ्यांना थँक्स. सोमवारी सव्वानऊला गेलो होतो. वरून भरून आलेली लिफ्ट खाली रिकामी व्हायची ते ठीक, पण वरून खाली यायला २२व्यावर बटण दाबून घड्याळ लावलं, चार मिनिटं, त्यात एक लिफ्ट फुल म्हणून न थांबताच गेली. नळ सोडून बघितले, बूस्टर आहे, धार चांगली आहे. मिनिट्स मागितल्यावर मालक जरा घुटमळले, देतो म्हणालेत. तिथूनच आईला फोन लावून चार मिनिटांचं सांगितलं तर ती म्हणे, तेवढा वेळ बसायला खुर्ची आहे का? मजल्यावर नाही पण ठेवता येईल म्हटलं. मग आता खुर्ची पॅसेजमध्ये ठेवायला सोसायटी परवानगी देते का, कोणाला माहितीये?

हिशोबी: पॅसेज अडवायचा नाही, फायरचा नियम. फोल्डिंगची घे, हातात धर.